धुराच्या दाराला हूक

आमच्या ह्यांना, म्हणजे तमन्नाच्या अब्बूंना, अल्लाने हात दिले सुताराचे, पण ‘नाही’ म्हणायला जीभच दिली नाही. लोणखेड्यात कुणाची चौकट फुगली, कुणाची खाट मोडली, की निघाले पटाशी घेऊन. मोठ्या दवाखान्यात देखभालीची नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, आता तरी ही फुकटची खैरात थांबेल. कसली थांबते!

तिथं बायकांच्या वॉर्डाला एक जाड, जड दार आहे. सोडलं की आपोआप लागतं. बसवायला आलेल्या इंजिनिअरने ह्यांना बजावलं होतं, “जाकीरभाई, आग लागली तर हेच दार धूर अडवणार. हे उघडं ठेवू देऊ नका.” पण बायका वैतागल्या. हातात डबा, कडेवर पोर, आणि दार येऊन पाठीत बसायचं. रोज गाऱ्हाणं. शेवटी ह्यांनी भिंतीला हूक ठोकला आणि दार त्यात अडकवून टाकलं. बायकांनी दुवा दिल्या. आमचे जाकीरभाई फुगून टम्म!

गेल्या आठवड्यात भर दुपारी वॉर्डासमोरच्या खोलीत स्विचची ठिणगी पडून गाद्या पेटल्या. आग लवकर विझली, पण धूर उघड्या दारातून सरळ आत शिरला. बाकीच्या खोकत खोकत बाहेर पडल्या. म्हसावदच्या फुलवंताबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, त्या मागे राहिल्या. उचलून आणलं तेव्हा त्या बेशुद्ध होत्या.

चौकशीला साहेब आले. “हूक कुणी लावला?” सगळा वॉर्ड मुका. कौसाबाई आया म्हणाली, पहिल्यापासूनच आहे. त्या दिवशी घरी ह्यांनी ताट बाजूला सरकवलं.

“नईमा, लाज वाटते गं. त्या बायकांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या.”

मी चिडले. “मग सांगून या ना! माझ्यापुढे काय रडता?” बोलले खरी, पण लगेच मनात आलं, नोकरी गेली तर? आणि माझी तरी मान कुठं वर होती? त्या दुवांची फुशारकी मीच गल्लीभर मारली होती.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासोबत मीही गेले. फुलवंताबाई शुद्धीवर आल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी. ह्यांना बघताच त्यांनी हात जोडले.

“भाऊ, तुन्हा हूकमुळे दार उघडं व्हतं, म्हनीसन लोकेस्नी माले बाहेर काढं. तुन्हं भलं व्हवो.”

या अल्लाह! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी काय केलं? ह्यांची बाही ओढली, गप चला म्हणून.

हे हलले नाहीत. “नहीं, माय. धूर त्याच दारमाईन उना. हूक मीच लायेल शे.”

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग हळूच विचारलं, “तुले ठाऊक नव्हतं का?”

“ठाऊक व्हतं,” हे म्हणाले.

 फुलवंताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.