आक्काच्या तळ्यातली घाण

मुकादमाला डाग सहन व्हायचा नाही. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या एका थंड गावातल्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात त्याने सारी हयात काढली. चादरीवर पिवळट ठिपका दिसला की चादर परत पिंपात जायची आणि धुणाऱ्याची अशी काही खरडपट्टी निघायची की पुढच्या चादरी भीतीनेच पांढऱ्या व्हायच्या. निवृत्त झाला, पण हात स्वस्थ बसेनात. कड्याकोयंडे घासून झाले, कुंड्यांची बुडं धुऊन झाली. याच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते, असं शेजारी म्हणायचे.

मागच्या अंगणातलं तळं तेवढं त्याच्या तावडीतून सुटलं होतं, कारण ते आक्काचं होतं. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती धाकट्याकडे राहायला आली आणि पहिल्याच वर्षी कुदळ हातात घेऊन तिने ते तळं खणलं. पुढे तिची नजर गेली, तरी तळ्याकाठचं स्टूल काही सुटलं नाही. बेडूक, चतुर, पाणी प्यायला येणारी पाखरं, सगळं तिला कानांनी कळायचं. "आज एक नवा आलाय रे, भसाड्या आवाजाचा," ती सांगायची. मुकादम नुसतं हं हं करायचा.

गेल्या वसंतात आक्का डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे गेली. ती परत येईल तेव्हा तिला खूश करावं म्हणून मुकादमाने तळं पार उपसलं, ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासलं आणि मधोमध उष्ण मुलखातलं मोठ्या जांभळ्या फुलांचं रोप बसवलं. मायेने केलं हो सगळं, त्यात काही खोट नव्हती. शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. आक्का परत आली, स्टुलावर बसली, बराच वेळ कान लावून राहिली. "छान स्वच्छ केलंस," एवढंच म्हणाली. त्यानंतर उन्हाळाभर त्या अंगणात कसलाही आवाज झाला नाही. जांभळं रोप पहिल्याच हिमात काळं पडून कुजलं.

यंदा थंडी ओसरताना लेकीचा फोन आला. आईने आता कायमचंच आपल्याकडे यावं, असं तिचं म्हणणं.

"येईन," आक्का म्हणाली. "वसंत तेवढा जाऊ दे. इथे तरी आता मला काय आहे?"

मुकादम शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होता. थांब, हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला विनवणी कुठून जमणार? त्याने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी तो बादली आणि तारेचा ब्रश घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. "आक्का, तळं कसं साफ करायचं ते सांग."

धुलाईखान्यातल्या कुणी हे ऐकलं असतं तर तो तिथेच चक्कर येऊन पडला असता.

"आधी तो ब्रश ठेव," आक्का म्हणाली.

"ठेवला."

"धाकट्या, मला दिसत नाही, ऐकू येतं. ठेव."

मग तिने स्टुलावर बसून काम करून घेतलं. पाणी अर्धंच काढायचं, तेही टबात जपून ठेवायचं आणि शेवटी परत ओतायचं. नळाचं पाणी दोन दिवस पिंपात उभं राहू द्यायचं, मगच भर घालायची. कुजका पाला काढायचा, पण सगळा नाही, आणि काढलेला दोन दिवस काठावरच पसरून ठेवायचा, म्हणजे त्यातल्या जिवांना पाण्यात परतता येतं.

"काठावर? दोन दिवस?" मुकादम कळवळला. "शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी राहतात का त्यात?" आक्काने त्या ढिगात हात घातला, चाचपून एक इवलीशी गोगलगाय काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. "ही राहते."

मुकादमाने ती झटकली नाही. हे त्याच्या दृष्टीने फारच झालं.

रोपांचा हुकूमही तिचाच. "रंग बघू नकोस, मला काय करायचाय? वास बघ, वाऱ्यात वाजतं का बघ. आणि हिवाळा काढेल असं चिवट आण, दरवर्षी रडणारं नको." रोपवाटिकेत मुकादम पानं चुरगळून हुंगत आणि बोरूच्या काड्या कानाशी हलवत फिरला. "काका, बरं वाटतंय ना?" विकणारीने विचारलं. त्याने वेखंड घेतलं, पाणपुदिना घेतला, बोरू घेतला आणि बर्फाखाली तळाशी झोपून राहणारं पांढरं कुमुद घेतलं. ते टोपलीतल्या जड मातीत लावून वर खडी दाबली आणि टोपली तळाशी सोडली. बाकीची काठाशी उथळ पाण्यात बसवली.

मग वाट पाहणं आलं. पाणी हिरवट झालं, दगडांवर शेवाळ चढलं. मुकादमाचे हात शिवशिवायचे, मग तो जाऊन नुसतेच हात धुऊन यायचा. रोज सकाळी पायरीवर बसून डोळे फाडून पाण्यात बघायचा. काही दिसायचं नाही.

वसंत सरला. लेक उद्या न्यायला येणार म्हणून आक्काने बॅग भरली आणि ती घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली. संध्याकाळी मुकादम भांडी घासायला उभा राहिला, पण आज त्याचा हातच चालेना. साबणाची भांडी तशीच टाकून तो तळ्याकाठच्या चिखलात जाऊन उभा राहिला.

"कसं दिसतंय?" आक्काने विचारलं.

"घाण," तो म्हणाला. "नुसती घाण आहे, आक्का."

तेवढ्यात बोरूच्या मुळाशी कुणीतरी घसा खाकरल्यासारखं केलं. डराव. मुकादमाने श्वास रोखला. पुन्हा एकदा, डराव.

"आक्का! आला! ऐकलंस का?"

"आठवडा झाला त्याला. तू सकाळी बघत बसतोस आणि तो बोलायला लागला की भांडी आदळतोस. ऐकू कसं येणार?"

"आठवडा?" मुकादम पायरीशी आला. "मग बॅग कशाला भरलीस?"

"बेडूक म्हणाला थांब. तू कुठे म्हणालास?"

मुकादमाचे डोळे भरून आले. त्याने हुकमाचा आवाज काढून पाहिला, तो निघाला नाही.

"थांब ना, आक्का."

"मग ती बॅग आत ठेव," आक्का म्हणाली.

मुकादमाने बॅग उचलली आणि चिखलाच्या पायांनीच तो घरात गेला.