भावाच्या पेशी

आंधळगावात मी ‘रक्तवाली बाई’ आहे. सुटीत घरी गेले की कुणीतरी बोट पुढे करतंच, "पाहून दे ना माह्यं रक्त, कमी तं नाही ना?" मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करते, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

या कामाला मी लागले ती धाकट्या भावामुळे. लहानपणापासून त्याचे हातपाय दुखायचे, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तर फारच. बांधीतल्या गार पाण्यात जरा वेळ उभा राहिला की संध्याकाळी पोटऱ्या धरून ओरडायचा. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही. आणि रक्त कमी म्हणजे लाल खायला घाला, हा आमच्याकडचा सोपा उपाय. बीट, लाल माठ, टमाटे, डाळिंब, मायनं काही म्हणून सोडलं नाही. शेजारणीही येताना दिसेल ते लाल घेऊन येत. एकीनं तर लाल मिरचीचा ठेचा आणला होता. मला त्यातलं डाळिंब तेवढं हवं असायचं, पण ते आजाऱ्याचं. त्याचा मला भारी राग यायचा.

पुढे नागपुरात शिकताना मी त्याचं रक्त तपासून घेतलं. सिकलसेल. गोल असायच्या त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. घरी येऊन मायला समजावलं, की हे खाण्यापिण्यानं होत नाही. अर्धं आईकडून आणि अर्धं बापाकडून येतं. तुम्हा दोघांना त्रास नाही, पण दोन्ही अर्धी त्याच्या वाट्याला आली. ती वांगी चिरत होती. हात थांबला.

"म्हंजे आमीनच देलं त्याले?"

"कोणी देत नाही माय, येते ते," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. त्या दिवसापासून तिनं त्याला रागावणंच सोडलं, आणि तो चांगलाच शेफारला.

मी जीन थेरपीत शिरले ती हट्टानं. रोग्याच्या हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी काढायच्या, त्यातली चूक बाहेर दुरुस्त करायची आणि त्याच्याच पेशी त्याला परत द्यायच्या. सांगायला दोन वाक्यं, करायला अर्धं आयुष्य. मी बंगळूरला आले आणि इथलीच झाले म्हणतात. खोटं आहे ते. रोवण्याच्या दिवसांत मला प्रयोगशाळेतली कोरडी थंड हवा नकोशी होते. धानाच्या ओल्या पऱ्ह्यांचा, त्या कोवळ्या रोपांचा वास हवा असतो, आणि भाऊ हवा असतो.

मध्यंतरी तो इथं आला आणि रीतसर सही करून संशोधनासाठी आपल्या पेशी देऊन गेला. सुई टोचली तेव्हा म्हणाला, "लहानपणी मी तुही पाटी फोडली होती, त्याचा बदला घेऊन राहिली का?" आम्ही त्या पेशी दुरुस्त केल्या, डिशमध्ये त्यांच्यापासून तांबड्या पेशी वाढवल्या. ऑक्सिजन कमी पडला की सिकलसेलच्या पेशी वाकतात; या मात्र तो कमी केला तरी वाकल्या नाहीत. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

मग माणसांवरच्या चाचणीसाठी त्याच्या तपासण्या झाल्या. दुरुस्त पेशी आत जायच्या तर आधी हाडांतला जुना मगज जहाल औषधानं रिकामा करावा लागतो. इतक्या वर्षांच्या दुखण्याच्या झटक्यांनी आणि बाहेरून भरलेल्या रक्तातलं लोह साचून त्याचं काळीज आणि यकृत थकलं होतं. हे औषध त्याला झेपणार नाही, असं चाचणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. ज्या उपचारासाठी मी घर सोडलं, तो माझ्या भावाला मिळणार नव्हता.

फोन मीच केला. तो शेतात धुऱ्यावर बसला होता. मागं बायांचं बोलणं ऐकू येत होतं. मी सगळं सांगितलं.

"मी देल्या होत्या त्या पेशी," त्यानं विचारलं, "त्या झाल्या होत्या ना बऱ्या?"

"झाल्या. एकदम गोल."

"मंग तुह्याजवळ तं मी बरा आहो ना, ताई."

"आहेस," मी म्हटलं. तशा पेशी डिशमध्ये थोडेच आठवडे जगतात. त्याच्या केव्हाच मेल्या होत्या.