अक्काच्या मशीनखालची मोहरी

महेशचा फोन आला तेव्हा मी कपाटापुढं उभी होते. सकाळची शाळा, बस चुकायची धास्ती, आणि कोणत्या साडीवर कोणता ब्लाऊज हा रोजचाच घोळ. महेश म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. एवढ्या सकाळी नांदेडहून तो कधी फोन करत नाही. "मावशी, आई गेली गं..." एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी पलंगावर बसले. हातात ब्लाऊज तसाच होता, तिनंच शिवलेला. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता माझं कोण शिवणार? सख्खी बहीण गेली आणि हिला ब्लाऊजची पडलीय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. लातूर सुटलं, चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं, तरी एसटीच्या खिडकीशी माझ्या डोक्यात तेच. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण वारलं गं माय?" तर मी बहीण म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

हा प्रश्न मला का पडला ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ती बाजू पूर्ण काढली. ऑपरेशन हैदराबादला झालं, त्यामुळं भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली नाही. खरं काय ते माझ्या नवऱ्याला आणि अक्काला माहीत. बाकी सगळ्या गोतावळ्याला "बेबीची गाठ होती, काढली" एवढंच. बेबी म्हणजे मी. शाळेत बाई म्हणून केस पिकले, तरी माहेरी अजून बेबीच. कुणाला कळू द्यायचं नाही हे मी ठरवलं होतं आणि अक्कानं ते पाळलं होतं. त्या दिवसापासून माझा एकूण एक ब्लाऊज तिनं शिवला. दुसऱ्या कुणाच्या हातात मी मापाचा ब्लाऊजसुद्धा दिला नाही.

शिवणं ही अक्काची हौस. धंदा नाही, हौस. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, एवढं चांगलं शिवता, दोन गिऱ्हाइकं घेत जा की. त्यावर ती फटकन म्हणायची, "गिऱ्हाइकाचं शिवायचं म्हणजे त्याच्या मनासारखं शिवावं लागतंय. मी माझ्या मनासारखं शिवून राहिले." आमचं माहेर मुखेडजवळचं. बाजाराच्या दिवशी मुखेडला कटपीसची दुकानं लागायची, तिथं अक्का तासन् तास रमायची आणि मी तिच्या पदराला लोंबकळत घरी चल म्हणून भुणभुण लावायची. तिनं माझ्यासाठी शिवलेला पहिला कपडा म्हणजे शाळेचा परकर, तोही वाढत्या अंगाचा. मी वाढत राहिले आणि तो परकर काही केल्या मला लहान होईना. मी रडून गोंधळ घालायची, सगळ्या पोरी हसतात म्हणून. अक्का शांतपणे म्हणायची, "हसू दे. त्यांचे पुढल्या साली आखूड होतेत." ...तिचं असं होतं सगळं, पुढल्या सालाचं आधी.

लग्न होऊन ती नांदेडला आली. दाजी पाटबंधारे खात्यात, विष्णुपुरीच्या धरणाजवळ क्वार्टर. तिथं तिचं पायमशीन आलं आणि मग त्या घरात उघडं असं काही राहिलंच नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा फ्रॉक! दाजी आल्यागेल्याला सांगायचे, "जास्त वेळ एका जागी बसू नका हं, तुम्हाला पण कव्हर शिवंल ती." दाजी जाऊन आता काही वर्षं झाली, पण तो सिलिंडरचा फ्रॉक पाहिला की अजून मला त्यांचा आवाज ऐकू येतो. आणि घराण्यात कुणाकडं बाळ व्हायचं असलं की अक्काची मोहरीची उशी ठरलेली. मऊ झालेल्या जुन्या धोतराचं नाहीतर साडीचं कापड, त्यात निवडून, ऊन दाखवलेली मोहरी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडं ठेवतात ना, तीच. पण अक्काची उशी अशी असायची की बाळानं मान फिरवली की मोहरी आपोआप सरकून जागा करून द्यायची. किती भरायची ते तिच्या हाताला कळायचं. मोहरी सुपात घेतली की कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही.

ऑपरेशननंतर मी शाळेत परत रुजू झाले तेव्हा माझे फार हाल झाले. दुकानातून आणलेली वस्तू लातूरच्या उन्हाळ्यात अंगावर ठरायची नाही, घामानं नुसती आग व्हायची. मग कापूस भरून पाहिला, रुमालाच्या घड्या ठेवून पाहिल्या. फळ्यावर लिहायला हात वर केला की सगळं वर सरकायचं. वर्गाकडं पाठ करून मी पदर सारखा करत बसायची आणि मागं मुलं गलका करायची. एकदा स्टाफरूममध्ये एकीनं नुसतं निरखून पाहिलं, तर त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आले. नोकरी सोडते, असं मी अक्काला फोनवर सांगितलं. "सोड," म्हणाली. "पण मी येस्तोवर थांब." दुसऱ्या दिवशी ती मापाची फीत, कात्री आणि कापडाची पिशवी घेऊन लातूरला हजर. मला उभं केलं, दार लावलं आणि माप घेतलं. डोळ्यांत पाणी नाही, हळहळ नाही. पाठीवर एक थाप मारून म्हणाली, "सरळ उभी राहा गं, वाकडं माप लागतंय." ब्लाऊजच्या अस्तराला आतून तिनं एक खिसा शिवला आणि त्यात बसणारी छोटी उशी. वरून कापूस, खाली मोहरी, म्हणजे जड बाजू खाली राहून जागची हलायची नाही. मी म्हणाले, "अक्का, मोहरी? मी काय लहान बाळ आहे का?" तर म्हणते, "बाळाच्या डोक्याला चालतंय ते तुझ्या अंगाला चालंना व्हय? घाल गपगुमान." घातला. आरशापुढं उभी राहिले, हात वर केला, खाली केला, परत वर केला. जागचं हललं नाही. तेव्हा मात्र मी तिच्या गळ्यात पडून भडाभडा रडले. तिथंच तिला म्हणाले, कुणाला सांगू नको, दाजींना पण नाही. ती म्हणाली, "हाव." एवढंच. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही.

नाही कसा, एकदा निघाला. पावसाळ्यात झड लागली होती आणि मी धांदरटासारखा ब्लाऊज उशीसकट धुवून, पिळून बादलीत टाकला. मग शाळेच्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि बादली तशीच कोपऱ्यात विसरले. परत येऊन पाहते तो काय, शिवणीतून हिरवे हिरवे कोंब बाहेर आलेले! मी घाबरून अक्काला फोन लावला, "अगं, माझ्या उशीला मोड आले!" पलीकडं ती जी हसत सुटली! खोकला लागला तरी थांबेना. "बेबे, उपटू नको, चांगली दोन पानं फुटू दे, भाजी कर," म्हणाली. मी पण हसले. बादलीशेजारी बसून, पोट धरून हसले. त्या आजारावर मी हसले ते पहिल्यांदाच, आणि मग भीती जराशी का होईना, कमी झाली.

अलीकडं शुगरनं तिचे डोळे अधू झाले होते. मला धाकधूक असायची, पण सांगितलं की ठरल्याप्रमाणे ब्लाऊज तयार, उशी तयार. मी नांदेडला जायची, नाहीतर चिवड्याच्या डब्याबरोबर पिशवी लातूरला यायची. उलट टीप पूर्वीपेक्षा बारीक आणि नेटकी. गेल्या भेटीत मी म्हणाले सुद्धा, "अक्का, म्हातारपणी हात बसला की गं तुझा." ती म्हणाली, "चष्मा बदललाय ना," आणि लगेच आत बघून सुनेला हाक मारली, "अश्विनी, मावशीला च्या ठेव." अश्विनी, महेशची बायको, उमरीची. मितभाषी पोरगी, हाक मारली की "आले आत्याबाई" म्हणून हातातलं काम टाकून येणारी. मी चहा प्यायले, पिशवी घेतली आणि संध्याकाळची गाडी धरली. ती आमची शेवटची भेट.

दिवसपाण्याला मी नांदेडलाच होते आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता. उगीच भांडी लाव, उगीच गच्चीवर जा, आलेल्या बायकांत बस आणि पुन्हा ऊठ. अश्विनीची आई उमरीहून आली होती. माझा हात धरून म्हणाली, "लई सोसलं हो विहीणबाईंनी. एवढं मोठं दुखणं अंगावर काढलं, कुणाला कळू दिलं न्हाई." मला वाटलं, शुगरचं म्हणत असतील. मी मान हलवली. माझं लक्ष होतं मशीनकडं. खोलीत कुणी नसताना मी त्याचं कव्हर काढलं, खण उपसला. बॉबिनी, खडूचे तुकडे, हुक, कोपऱ्यात चार दाणे मोहरी. एकही तयार उशी नाही. मी चिंधी घेतली आणि स्वतः बसले. आयुष्यात कधी मशीनवर पाय ठेवला नव्हता. चाक उलटं फिरायचं, दोरा पटकन तुटायचा, पुन्हा ओवायचा, पुन्हा तुटायचा. मला इतका राग आला अक्काचा! सगळ्या दुनियेच्या उशा शिवल्यास आणि मला एक सरळ टीप मारायला शिकवलं नाहीस? आता मी कुठल्या टेलरपुढं जाऊन उभी राहू? मशीनवर डोकं टेकून मी तिला बोल बोल बोलले.

आणि नेमकी त्याच दिवशी अंगावरच्या उशीची शिवण उसवली. माझ्या ध्यानातच नाही. जेवणं झाल्यावर अश्विनी केर काढत होती. मशीनपासून माझ्या पलंगापर्यंत तिला मोहरीचे दाणे सापडत आले. ते तिनं तळहातावर घेतले, माझ्याकडं पाहिलं, दार लोटलं आणि अगदी हळू म्हणाली, "मावशी, टीप उसवली का? काढून द्या, मी लगेच मारून देते."

मी झटकन पदर छातीशी ओढला. "तुला कुणी सांगितलं? अक्कानं?" मी जवळजवळ ओरडलेच. म्हणजे तिनं शब्द मोडला होता! अश्विनी घाबरली, पण हलली नाही. "न्हाई मावशी. त्यांनी तुमचं नाव कधीच घेतलं न्हाई. त्यांचे डोळे गेल्यापासून मीच शिवून राहिले. त्या म्हणायच्या, अश्विनी, माझं जुनं आपरेशन हाय, मला लागतंय हे. महेशला बी बोलू नको. मी खरंच समजले. साडीत कुठं कळतंय..." ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. "शेवटची आंघोळ मीच घातली ना त्यांना... तवा बघितलं, त्यांना तसलं काही न्हवतंच. मग ध्यानात आलं, नवी उशी झाली की तुम्ही यायच्या."

माझा शब्द पाळायचा म्हणून माझ्या बहिणीनं आपल्या सुनेपुढं स्वतःला अधू म्हणवून घेतलं होतं. वर्षानुवर्षं. जवळ बसून माप सांगितलं असेल, मोहरी चिमटीनं घालून दाखवली असेल, इथं घट्ट टीप मार म्हणाली असेल, आणि ते सगळं आपल्याच अंगाचं म्हणून. आणि मी म्हणत होते, हात बसला की गं तुझा! अश्विनी म्हणाली, "माझ्या आईपाशी तेवढं मी बोलले होते, मावशी. आत्याबाईंचं म्हणून. चुकलंच माझं." तेव्हा उमरीच्या बाईच्या त्या बोलण्याचा अर्थ मला लागला. मी आतल्या खोलीत जाऊन उशी काढून आणली. अश्विनी मशीनवर बसली, एका झटक्यात चाक सुलटं फिरवलं, टीप मारली. दाणे परत भरताना तिनं उशी तळहातावर तोलली, जरा विचार केला आणि अजून चिमूटभर टाकली, थेट अक्कासारखी.

त्याला आता काही आठवडे झाले. लातूरला परत आले, शाळा सुरू आहे, फळ्यावर हात वर जातोय. पण जीव काही थाऱ्यावर नाही. उमरीत चार बायका अक्काच्या नावानं हळहळत असतील, बिचारीला असं होतं म्हणून. तिला तसलं काही झालेलं नव्हतं. ती शेवटपर्यंत अंगानं धड होती. माझं दुखणं तिनं स्वतःच्या नावावर घेतलं आणि तसंच घेऊन गेली, ते मला परत पाहिजे. म्हणून हे लिहिलं, आणि पेपरच्या पुरवणीत छापून येऊ दे म्हणून पाठवलं. शाळेतले वाचतील, गल्लीतले वाचतील. वाचू देत.

परवा अश्विनीचा फोन आला होता. "मावशी, आज केर काढताना मशीनखाली परत मोहरी निघाली. रोज काढते, तरी कुठून निघते कोण जाणे." मी म्हणाले, "टाकू नको, डबीत ठेव. पुढच्या उशीत घालू." ती हाव म्हणाली. फोन ठेवायच्या आधी मी तिला थांबवलं. म्हणाले, "आणि अश्विनी, उमरीला फोन कर. आईला सांग, ती उशी अक्काची नव्हती. बेबीची होती."