दर रविवारी पाव आटा

चावीवाल्यांना ड्रम वाजवता येत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मागाहून कळलं तर तुम्ही म्हणाल, मी लपवलं. पस्तीस वर्षं त्यांनी एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ड्रम दुरुस्त केले, पडदे चढवले, सुरात आणले. पण हातात स्टिक दिली तर ते एक ठोका मारतात, मान कलती करून ऐकतात आणि स्टिक खाली ठेवतात. दुसरा ठोका नाही. ड्रमचा पडदा आवळायची छोटी चौकोनी तोंडाची चावी कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, म्हणून ते चावीवाले. खरं नाव पगारपत्रकावर असेल. मी कधी विचारलं नाही.

मूळचे ते गाड्यांच्या सीटा शिवणारे. कारखाना बंद पडला तेव्हा या दुकानात गिऱ्हाइकांचा सोफा शिवायला आले होते. सोफा शिवता शिवता त्यांना मागच्या खोलीतलं दिसलं. कुणीतरी ड्रमचा पडदा एकाच बाजूने आवळत होतं आणि तो वाकडा बसत होता. यांना ते बघवेना. "अहो, समोरासमोर ओढा. एका अंगाने ओढलं की कापड रुसतं," असं म्हणत ते उठून आत गेले, ते गेलेच. सोफ्याच्या एका हाताला अजून शिवण नाही. त्या सोफ्यावर बसून मी माझ्या ड्रमची शेकडो वेळा वाट पाहिली आहे आणि त्यातला काथ्या उपसला आहे.

मी एका वाद्यवृंदाचा ड्रमवाला. तीस वर्षं वाजवतोय. राग माझ्या नाकावर. बायको म्हणते, "इतकं बडवूनही तुमच्या अंगात एवढी रग उरते कशी, देव जाणे." चावीवाल्यांवर तर मी हक्काने ओरडायचो. ड्रम वेळेत मिळाला नाही तर ओरडायचो, वेळेत मिळाला तर त्याचा सूर चढा आहे म्हणून ओरडायचो. ते चष्मा पुसत म्हणायचे, "बघतो हं मास्तर." आणि बघायचे.

गेल्या वर्षी दुपारी जेवताना माझ्या डाव्या हातातून वाटी निसटली. उचलायला गेलो तर हात माझं ऐकेना. मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून बोलणं वाचलं, चालणं वाचलं. डावा हात मात्र परक्यासारखा खांद्याला लटकून राहिला. चार महिन्यांच्या व्यायामाने तो शर्टाची बटणं लावण्याइतका सुधारला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मी झालो नाही. ड्रमवाल्याचा उजवा हात मिरवतो, लोकांना तोच दिसतो. पण डावा हात स्नेअरवर, म्हणजे गुडघ्यांमधल्या त्या बसक्या ड्रमवर, बारीक ठोके भरत असतो आणि गाणं त्याच्या जिवावर चालतं. तो गेला की माणूस उरतो, ड्रमवाला उरत नाही. वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी बदली माणूस घेतला होता आणि निरोप पाठवला होता की जागा तुमचीच आहे, पण वर्ष संपायच्या आत काय ते कळवा. मला कळवायचं होतं ते एवढंच, हात येतोय की नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज वाजवा. रोज म्हणजे रोज." आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खरे ड्रम रोज वाजवायचे तर बिऱ्हाड बदलावं लागलं असतं. म्हणून बायकोने इलेक्ट्रॉनिक ड्रमचा विषय काढला. हेडफोन लावला की आवाज फक्त आपल्या कानात. मी कडाडलो, "अगं, ते ड्रम आहेत की ताटाळं? रबराच्या थाळ्यांवर काठ्या आपटायच्या?" ती म्हणाली, "आपटा. पण आपटा." या बाईपुढे माझं कधी काही चाललेलं नाही.

दुकानात मालकीणबाईंनी तीन सेट मांडून ठेवले होते. पहिला मला आवडलाच नाही. दुसरा रबरी थाळ्यांचा. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि मी उडालोच. काय आवाज! मोठ्या सभागृहात, चांगल्या माइकपुढे वाजावा तसा. "चारशे प्रकारचे आवाज आहेत यात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मला एकच पुरे, पण हा द्या." बायकोने पर्स उघडलीसुद्धा.

तेवढ्यात आवाज गेला. बघतो तर चावीवाले हातात प्लग घेऊन उभे.

"काय झालं?" मी हेडफोन काढत ओरडलो.

"काही नाही. आता वाजवा."

"बंद सेट वाजवू?"

"हो. कान फसतात मास्तर. हाताला विचारा."

मी चिडूनच वाजवला. आवाज गेल्यावर खाली नुसतं टेबल उरलं. स्टिक रबरावर पडत होती आणि मी उचलायच्या आत आपली आपण उडत होती. डाव्या हाताला करायला काही उरतच नव्हतं. मालकीणबाई कसनुसं हसल्या. चावीवाले तिसऱ्या सेटकडे गेले. त्याच्या थाळ्यांवर रबर नव्हतं, बारीक विणीची जाळी होती, खऱ्या ड्रमसारखी कड्याने ताणलेली. त्यांनी खिशातून चावी काढली, स्नेअरच्या थाळीभोवती समोरासमोर फिरवत जाळी चांगली आवळली, मधोमध अंगठा दाबून पाहिला आणि मला खुणावलं.

हाही सेट बंदच होता. पण स्टिक जाळीवर टेकली आणि माझ्या मनगटाला कुणीतरी ओळख दिली. डाव्या हाताने एक ठोका दिला, जाळीने दुसरा परत दिला. पाच महिन्यांनी माझा रोल वाजला. दोन्ही हातांचे ठोके एकमेकांत मिसळून सलग चालतात तो रोल. पुरता नाही, थोडा. मला रडू आलं आणि ते लपवायला मी किमतीवरून मालकीणबाईंशी भांडलो.

"दुसऱ्याचा आवाज जास्त चांगला आहे," त्या अजून म्हणत होत्या.

"आवाज त्या पेटीत आहे, पेटी उद्या बदलता येईल," चावीवाले म्हणाले. "रबराला चावी लागत नाही. जाळीला लागते." मला वाटलं, गडी स्वतःच्या चावीचं कौतुक करतोय.

सेट घरी लावायला तेच आले. लावून झाल्यावर सेटबरोबर आलेली चावीही त्यांनी आपल्या खिशात टाकली. "जाळी नवी आहे, सुरुवातीला पडते सैल. मी दर रविवारी येऊन बघीन. तुम्ही हात लावू नका, तुम्ही फार आवळता." हे मात्र खरं आहे. आमच्या घरातले नळसुद्धा माझ्यानंतर कुणाला उघडता येत नाहीत.

पहिला आठवडा मी स्वर्गात होतो. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. डावा हात पळत होता. दुसऱ्या रविवारी चावीवाले आले, चावीने काही केलं, मालकीणबाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी बघत पेटीची दोन-तीन बटणं दाबली, चहा घेतला आणि गेले. संध्याकाळी वाजवायला बसलो तर रोल मधेच तुटला. सोमवारी तुटला, मंगळवारी तुटला. गुरुवारी जुळला. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. रविवारी हात बिघडायचा, गुरुवार-शुक्रवारपर्यंत ताळ्यावर यायचा. शहाण्या माणसाला यातून काहीतरी उमगलं असतं. मी काढलेला निष्कर्ष असा की चावीवाल्यांचा पायगुण वाईट आहे. बायकोला तसं सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "असेल हं," आणि पाठ फिरवून उभी राहिली. ती हसत होती हे मला आता कळतं. चावीवाल्यांवर मात्र मी दर रविवारी खेकसत राहिलो.

वाद्यवृंदातले मित्र बोलवत होते, एकदा येऊन खऱ्या ड्रमवर बसून तर बघ म्हणत होते. मी जात नव्हतो. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

सहाव्या आठवड्यात तर शुक्रवार उलटला तरी रोल जुळेना. स्टिक जाळीत रुतायची, प्रत्येक ठोका मनगटाने स्वतः उचलावा लागायचा आणि वीस मोजेपर्यंत डावा हात भरून यायचा. शनिवारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "हात परत चाललाय गं." मग बसून प्रमुखांना पत्र लिहिलं की बदली माणसालाच कायम करा. बायकोच्या हातात दिलं. तिने वाचलं, तिचा चेहरा उतरला. "सोमवारी टाकते," म्हणाली आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

रविवारी अकराला चावीवाले आले. हातात एक गोल पिशवी होती. ते वाकून जाळीशी काही करणार एवढ्यात माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात लावू नका त्याला! तुम्ही येता आणि बिघडवून जाता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे ड्रम आवळलेत, स्वतःला एक ताल वाजवता येत नाही आणि मला शिकवताय, हाताला विचारा म्हणून! विचारलं हाताला. हात नाही म्हणतोय. कळलं?"

"अहो!" बायको ओरडली.

चावीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, असू द्या. वाजवता येत नाही हे खरंच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पिशवी उघडली. आत स्नेअर होता. माझा स्वतःचा, खरा, वाद्यवृंदाच्या खोलीत पडून आहे असं मी समजत होतो तो. "एकदा यावर वाजवा. मग मी येणार नाही. खालीवर सगळ्यांना विचारून आलोय, पाच मिनिटं आवाज चालेल म्हणालेत."

नाही म्हणायचं होतं. पण सहा आठवडे जो माणूस माझा आरडाओरडा ऐकून घेत होता, तो खाली गुडघे टेकून माझ्या ड्रमचा स्टँड उघडत होता. मी बसलो.

डाव्या हाताने ठोका दिला. स्टिक पडद्यावर पडली आणि उठली. दुसरा दिला. उठली. उजवा मिसळला, मी वेग वाढवला, भीत भीत, मग न भिता, आणि रोल सुरू झाला. तो तुटेना. वीस झाले, चाळीस झाले, मी मोजायचं सोडून दिलं. त्या जाळीपुढे हा पडदा इतका सोपा वाटत होता की मला वाटलं, यांनी ड्रममध्येच काहीतरी केलंय.

"ड्रमला काही केलेलं नाही," चावीवाले म्हणाले, जणू मी मोठ्याने विचारलं होतं. "जाळीला करत होतो. दुकानात तुम्हाला दिली तेव्हा ती चिक्कार आवळून दिली होती, तीच तुमचे निम्मे ठोके वाजवत होती. मग दर रविवारी पाव आटा, म्हणजे चावीचा पाव फेरा, सोडत आलो आणि आवाजात फरक कळू नये म्हणून पेटीची बटणं जुळवत आलो. हा स्नेअर माझ्या टेबलावर असायचा. शनिवारी यावर अंगठा दाबायचा, दुकानातली तशीच एक जाळी तुमच्या जाळीइतकी सोडून तिच्यावर दाबायचा, किती राहिलं ते बघायचं. गेल्या रविवारी खऱ्यापेक्षाही सैल सोडली. म्हणून जमेना तुम्हाला. सीटचं कापडही असंच. एकदम ओढलं की फाटतं, रोज थोडं ओढलं की मानतं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढलाच. जित्याची खोड.

"सांगितलं असतं तर तुम्ही उजव्या हाताने सांभाळून घेतलं असतं. तुम्ही लोक घेता. मी बघितलंय."

बायकोला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. मालकीणबाईंना माहीत होतं. डॉक्टरीणबाईंना तर विचारूनच त्यांनी हे आरंभलं होतं. माझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माझा एकतीस वर्षांचा समज. तिने सहा आठवडे हे पोटात ठेवलं होतं. ती आत गेली, माझं पत्र आणलं आणि माझ्यासमोर चार तुकडे केले.

मी लोकांचे आभार पुष्कळ वेळा मानले आहेत, माइक हातात घेऊन, टाळ्यांमध्ये. त्या दिवशी लुंगी नेसून, हातात स्टिका धरून मी चावीवाल्यांपुढे उभा राहिलो. ज्याचा पायगुण मी काढला, ज्याच्या अंगावर दर रविवारी गेलो, त्या माणसाने मला माझा हात थोडा थोडा करून परत दिला होता आणि रोज वाटायला लावलं होतं की मीच तो कमावतोय. शेवटी एवढंच म्हणालो, "चावीवाले, मी फार वाईट बोललो हो तुम्हाला. आणि तुमचे उपकार... ते कसे फेडू, मला खरंच कळत नाही."

ते अवघडले. कुणी आभार मानले की कुठे बघायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसावं. ते स्टँडचा एक पाय सारखा करू लागले, जो सारखाच होता.

"पुन्हा वाजवता का मास्तर?" मग ते म्हणाले. "मघाशी मी ऐकलंच नाही. मनगटाकडे बघत होतो."

ते खुर्चीवर टेकले, चष्मा काढून हातात धरला आणि डोळे मिटले. मी वाजवलं.