बिजागरीला सहा स्क्रू

देशात कारखान्यांचा माल वाढला की घटला, हे पेपरात छापून आलं की सगळ्यांना कळतं. पण छापून येण्याआधी कोणीतरी ते दारोदार हिंडून विचारलेलं असतं, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. या शहरापुरतं ते विचारण्याचं सरकारी काम आकडेबाईंचं होतं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छापील तक्ते, दोन पेनं आणि झिजलेल्या चपलांसाठी एक सेफ्टीपिन. महिन्याच्या एक तारखेला त्या निघत आणि दहा तारखेच्या आत त्रेसष्ट कारखान्यांची दारं ठोठावून परत येत. प्रश्न एकच, गेल्या महिन्यात किती केलंत?

खरं तर आकडेबाई हे नाव कारखान्यांतल्या लोकांनी चेष्टेनं ठेवलेलं. पण बाईंना ते आवडायचं, कारण विचारल्याशिवाय त्यांना राहवतच नसे. भाजीवाल्याकडे गेल्या तरी मेथी घेण्याआधी, आज किती जुड्या संपल्या आणि गेल्या आठवड्यात किती संपल्या होत्या, हे विचारून घेत. दुसऱ्याच्या चौकशा करू नयेत म्हणतात. बाईंना त्याचाच पगार मिळायचा.

तीस वर्षांत त्यांच्या यादीतून काय काय गेलं आणि काय काय आलं! लोखंडी ट्रंका गेल्या, वातीचे स्टोव्ह गेले, टाइपरायटरच्या फिती करणारा कारखाना शेवटची चार वर्षं नुसत्या शून्याचा तक्ता भरत राहिला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, पंख्यांच्या मोटारी आल्या, आणि जिथे पूर्वी साठ माणसं बादल्या ठोकायची त्या शेडमध्ये आता नऊ जणी मोबाइलच्या चार्जरच्या पिना बसवतात. अर्थतज्ज्ञांना याची एक रेघ दिसते, वर जाणारी, खाली येणारी. बाईंना त्या रेघेवरच्या प्रत्येक टिंबाचं फाटक, कुत्रा आणि फाटकावरचा माणूस माहीत होता.

त्या रेघेवर एक टेंगूळ होतं. सव्वीस वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी देशाच्या धातूकामाचा आकडा एकाएकी उसळला, सारं वर्ष वर राहिला आणि पुढच्या वर्षी धपकन खाली आला. कॉलेजच्या पुस्तकांत त्याला 'तेजीचं वर्ष' म्हणतात, आणि परीक्षेत त्याची कारणं विचारतात. पहिलं कारण ठरलेलं, घरबांधणीत वाढ.

बाईंच्या घरी मात्र त्या वर्षाचं नाव कोणी काढत नसे. कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत बाईंचे यजमान ज्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडला. ते टर्नर, लेथ यंत्रावर धातूचे भाग कातणारे. लेथवर हात असा, की मापाला केसाचाही फरक पडत नसे. तरी सकाळी डबा घेऊन निघायचे, फाटकाफाटकावर विचारायचे आणि संध्याकाळी डबा तसाच परत आणायचे. घरी आल्यावर चहा पिता पिता सांगायचे, आज अमुक ठिकाणी गेलो होतो, तमुक माणूस असं म्हणाला. एक दिवस बाईंचा धीर सुटला. लहानग्या लेकीला ताप होता, घरभाडं थकलं होतं, आणि हातात त्यांच्याच खात्याचं नवीन छापील पत्रक होतं. त्यांनी ते नवऱ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "धातूकामात तेजी आहे, छापून आलंय. सगळ्यांना काम मिळतंय, मग तुम्हालाच तेवढं कसं मिळत नाही?"

नवऱ्यानं पत्रक वाचलं, घडी घालून परत दिलं. त्या दिवसापासून त्यांनी फाटकांबद्दल बोलणं सोडलं. चौदा महिन्यांनी एका शाळेत बाकं आणि नळ दुरुस्त करायला लागले, ते निवृत्त होईपर्यंत. लेथला पुन्हा हात लावला नाही. बाईंनी ते वाक्य परत घेतलं नाही, कारण छापलेला आकडा त्यांच्या बाजूनं होता.

आता बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. तीस वर्षांत त्यांच्या एकाही तक्त्यावर लाल शेरा नव्हता, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. लेक मोठी होऊन अर्थशास्त्र शिकवायला लागली होती आणि नेमका त्याच तेजीच्या वर्षावर प्रबंध लिहीत होती. रविवारी सकाळी ती आईला भंडावून सोडायची. त्या रविवारी वडील स्वयंपाकघरातल्या कपाटाचं लोंबकळणारं दार बसवत होते, आणि मायलेकी टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या.

"आई, हे टेंगूळ मी पार खालपर्यंत सोलत आणलंय," लेक म्हणाली. "देशाच्या आकड्यात धातूकाम, धातूकामात बिजागऱ्या, आणि बिजागऱ्या म्हणजे तुझ्याच यादीतला कारखाना. देशातल्या निम्म्या बिजागऱ्या तिथेच व्हायच्या. महिन्याला तीस हजारांवरून एकदम अठ्ठेचाळीस हजार."

"आठवतंय," बाई म्हणाल्या. "आकडा पाचव्या हिश्शाहून जास्त हलला, की स्वतः जाऊन कारण विचारायचं, असा आमचा नियम. मी गेले होते. घरबांधणी वाढली म्हणून मागणी वाढली, असं कारण लिहिलं होतं मी."

"म्हणजे पुस्तकातलं पहिलं कारण तू लिहिलंस?" लेक हसायला लागली. "आम्ही ते पाठ केलं होतं!"

बाई खुलल्या. तेवढ्यात कपाटाआडून आवाज आला. "आणि स्क्रू?"

दोघींनी मान वळवली. यजमानांच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले होते, ते त्यांनी हातात घेतले. "नाही, सहज विचारतोय. एका बिजागरीला सहा स्क्रू लागतात. एवढ्या बिजागऱ्या वाढल्या तर स्क्रू किती वाढले त्या वर्षी?"

आणि पुन्हा ते दाराकडे वळले. बाईंना मात्र चैन पडेना. तीस वर्षं सगळ्या जगाला प्रश्न विचारले, पण हा प्रश्न कधी सुचला नव्हता, आणि सुचला कोणाला, तर ज्यांनी त्या वर्षाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं त्यांना.

सोमवारी त्या कचेरी उघडायच्या आधीच दारात उभ्या. जुने तक्ते तळमजल्यावरच्या खोलीत, पत्र्याच्या कपाटांत. स्क्रूचा कारखाना लहान, त्याची फाइलही बारकी. बाईंनी बोटानं महिने मोजले. मार्च, एप्रिल, मे. स्क्रू वाढले नव्हते. घटले होते, शेकडा अठरानं. अठरा म्हणजे पाचव्या हिश्शाच्या जरासं आत, म्हणून कोणी जाऊन विचारायची गरज पडली नव्हती. आणि एवढ्याशा कारखान्याची घट बिजागऱ्यांच्या वाढीत कुठल्या कुठे बुडून गेली होती.

देशात दारं वाढली आणि ती बसवायला स्क्रू कमी लागले, हे कसं? बाईंनी पिशवी उचलली आणि थेट बिजागरीचा कारखाना गाठला.

तिथल्या मोठ्या कारकूनबाई म्हणजे त्यांच्या जुन्या ओळखीच्या. केस पांढरे झाले होते, पण खुर्ची तीच आणि चष्म्याची दोरीही बहुतेक तीच. त्यांनी चहा मागवला.

"आज सतरा तारीख. तुम्ही दहाच्या आत येणाऱ्या. काय बिनसलं?"

"सव्वीस वर्षांपूर्वीचं जावक रजिस्टर बघायचंय. आहे का?"

"आमच्याकडे काही टाकत नाहीत. माणसं तेवढी काढतात," कारकूनबाई म्हणाल्या आणि स्वतःच शिडीवर चढल्या.

रजिस्टर जाडजूड होतं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. फेब्रुवारीपर्यंत कारकूनबाईंचं तिरकं अक्षर. मार्चपासून दुसरंच, गोल, टपोरं, एकही खाडाखोड नसलेलं.

"हे कोणाचं अक्षर?"

"मी बाळंतपणाच्या रजेवर होते ना, वर्षभर. तेव्हा बदली माणूस होता. फार हुशार. स्वतःच्या हुशारीनं पार बेजार झालेला."

बाईंनी पानावर बोट ठेवलं. फेब्रुवारीच्या पानावर रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'जोड'. मार्चच्या पानावर त्याच जागी, खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'नग'.

बिजागऱ्या विकतात जोडीनं. मोजायच्याही जोडीनंच, सगळा देश तसाच मोजत आला होता. या हुशार माणसानं एकेक बिजागरी मोजली होती. अठ्ठेचाळीस हजार नग, म्हणजे चोवीस हजार जोड. तीस हजारांवरून चोवीस हजार. तेजी कुठली, पाचवा हिस्सा घट होती. पुढचे अकरा महिने अशीच, उतरत उतरत.

"मी त्याला बजावून गेले होते, जोड लिही म्हणून," कारकूनबाई म्हणाल्या. "तर मला परत आल्यावर सांगतो, जोड म्हटलं की घोटाळा होतो, नग जास्त अचूक."

बाई हसल्या नाहीत. त्यांना तो दिवस लख्ख दिसत होता. याच टेबलापलीकडे तो बसला होता. त्यांनी विचारलं होतं, आकडा नक्की बरोबर आहे ना? तो म्हणाला होता, मी स्वतः मोजलाय. खोटं बोलला नव्हता तो. बाईंनीच विचारलं नव्हतं, काय मोजलंत? शेजारी नव्या घरांचे पाये खणताना बघितले होते, तेवढ्यावरून कारण लिहून मोकळ्या झाल्या होत्या. वर्षानं आकडा खाली आला, तेव्हा 'मागणी ओसरली' एवढं लिहायलाही त्यांना मिनिट लागलं नव्हतं.

चहा तसाच राहिला. एक जोड आणि एक नग, एवढ्याशा फरकावर लोकांनी पुस्तकं लिहिली होती, हे खरं म्हणजे हसण्यासारखंच होतं. पण बाईंच्या मनात पुस्तकं नव्हतीच. एक घडी घातलेलं पत्रक होतं. ते परत घेताना नवऱ्याचा हात कसा होता, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि त्यांना आठवेना, कारण तेव्हा त्यांनी बघितलंच नव्हतं.

कचेरीत साहेबांनी दुरुस्तीचा अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. साहेब वयानं लेकीएवढे. "बाई, तीन महिने राहिलेत तुमचे. सव्वीस वर्षांपूर्वीचं कोण बघतंय? कशाला आपल्या नावावर शेरा ओढवून घेताय?"

"शेरा माझाच आहे, साहेब. उशिरा आलाय एवढंच."

"पण यानं कोणाचं काय भलं होणार?"

"एका माणसाचं होईल कदाचित," बाई म्हणाल्या. "तुम्ही सही करा."

साहेबांनी केली. अर्जाच्या शेवटी 'चुकीचे कारण' असा रकाना होता. बाईंनी लिहिलं, 'काय मोजले हे तपासणी अधिकाऱ्याने विचारले नाही,' आणि खाली स्वतःची सही ठोकली. लगेच त्यांनी लेकीला फोन केला. तिच्या प्रबंधाचा तिसरा भाग तेजीच्या कारणांवर होता, साठ पानं. ती म्हणाली, "आई, तू माझी दोन वर्षं पाण्यात घातलीस." आणि पाठोपाठ, "बाराही महिन्यांचे आकडे आहेत ना? आत्ताच्या आत्ता पाठव." पोरगी आईवर गेली होती.

पुढच्या रविवारी सकाळी यजमान अंगणात सायकलची चेन साफ करत बसले होते. बाई त्यांच्याशेजारी पायरीवर येऊन बसल्या. हातात आलेखाचा कागद होता. जुनी रेघ निळी, नवी त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीनं काढलेली. निळी रेघ मार्चपासून वर चढत होती. लाल खाली उतरत होती.

"अहो, मला काही सांगायचंय. त्या वर्षी तेजी नव्हती."

यजमानांनी चेन खाली ठेवली.

बाईंनी सगळं सांगितलं, जोड, नग, स्क्रू, बदली कारकून, काहीही न लपवता. शेवटी म्हणाल्या, "आकडा माझा होता, चूक माझी होती, आणि तो मी तुमच्या तोंडावर मारला. तेव्हा तुम्ही खरं सांगत होतात. मला माफ करा."

यजमानांनी चिंधीला हात पुसले, दोनदा पुसले, आणि कागद घेतला. चष्मा कपाळावरून खाली ओढला. तेलकट डाग पडू नये म्हणून नुसती करंगळी लाल रेघेच्या सुरुवातीला टेकवली.

"हा कुठला महिना?"

"मार्च."

"मार्च. मार्चमध्ये मी नळांच्या कारखान्यात गेलो होतो. फाटकावर आम्ही अकरा जण होतो, सगळे टर्नर. पुढे ते पत्रक वाचल्यावर वाटायला लागलं, मलाच काहीतरी येत नाही. सगळीकडे तेजी आणि मी एकटा बाहेर, म्हणजे माझ्या हातातच खोट." त्यांनी बाईंकडे बघितलं. "त्या अकरांतल्या एकालाही घेतलं नाही, हे मी तुला सांगितलं होतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारलंच नव्हतं."

करंगळी पुढच्या टिंबावर सरकली, जिथे रेघ आणखी खाली होती. बाईंनी डोळे पुसले. पिशवी घरात राहिली होती, पण त्यांनी पेन शोधलं नाही. हे लिहून घ्यायचं नव्हतं.

"आणि एप्रिलमध्ये?" त्यांनी विचारलं.