सातवं दार

पाहणीच्या कामाला लागल्यापासून तिचं नाव ‘दारठोकी’च पडलं होतं. “सूनबाई, स्वयंपाकघराचंही दार वाजवून ये हो,” असं सासूबाईही टोमणा मारत.

काम खोकल्याच्या पाहणीचं. सगळ्या वस्तीला विचारत बसणं कुणाला जमणार? म्हणून चिठ्ठी टाकून पहिलं घर ठरवायचं आणि तिथून दर सातवं घ्यायचं. कचेरीतल्या वरच्या बाईंनी बजावलं होतं, “दार बंद असेल तर शेजारचं घ्यायचं नाही. परत जायचं. सहज भेटतात त्यांनाच विचारलं, तर जे भेटत नाहीत त्यांचं काय झालंय, ते कधीच कळायचं नाही.”

एका गल्लीतलं सातवं दार दोन खेपा बंदच होतं. तिसऱ्या खेपेला शेजारच्या मावशी उंबऱ्यात उभ्याच होत्या.

“म्हातारा लेकाकडे गेलाय. माझंच लिही की. शितावरून भाताची परीक्षा.”

“वरचंच शीत चाचपलं, मावशी, तर तळाशी करपलेलं कसं कळायचं?”

“मग ठोक. पण सांगून ठेवते, कालपासून त्या रिकाम्या घरात ठकठक होते. आम्ही तिकडे बघतसुद्धा नाही.”

भर दुपार होती, तरी गल्ली चिडीचूप. तिनं दार ठोकलं. आतून ठक्. तिनं दोनदा ठोकलं. आतून दोनदा. आवाज पार खालून, जमिनीलगतून येत होता.

“चल, निघ तिथून,” मावशी कुजबुजल्या आणि त्यांनी आपलं दार लोटून घेतलं.

तीही दोन पावलं मागे सरली. मावशींचं उत्तर लिहून टाकलं असतं तर कोण विचारणार होतं? देवाचं नाव घेऊन ती खाली बसली आणि फटीला कान लावला. आत कुणीतरी घरघरत श्वास घेत होतं.

हाका मारून माणसं गोळा केली, दार फोडलं. लेकाकडून परत आलेला म्हातारा दाराशीच आडवा, एक अंग लुळं, दुसऱ्या हाताची बोटं सोललेली. जीव होता.

“कालपासून वाजवतोय,” तो पुटपुटला. “लोक थबकायचे... आणि पळायचे.”

त्याला दवाखान्यात पोचवून ती कचेरीत आली. पलीकडच्या गल्लीचं काम असलेली सोबतीण केव्हाच मोकळी झाली होती. “बंद दारांचं काय केलंस गं?” दारठोकीनं तिला विचारलं.

“शेजाऱ्यांना विचारलं. सगळे ठणठणीत.”

दुसऱ्या दिवशी दारठोकी त्या पलीकडच्या गल्लीत गेली. पहिल्याच बंद दारावर तिनं टकटक केली आणि वाकून कान खाली नेला. काहीच ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा ठोकलं, आणि थांबली.