अक्कानं सांगितलेली मालिका

टीव्हीवरच्या जुन्या मालिकांचा विषय निघाला की ऑफिसातल्या मैत्रिणी आपापल्या आठवणी काढतात. माझी पाळी आली की मला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याचं बोट धरून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा. सगळे एकाच मालिकेचे, एकाच खोलीतले, आणि बहुतेक एकाच वर्षातले. मैत्रिणी पोट धरून हसतात. मीही हसते, पण शेवटचा किस्सा मी त्यांना कधी सांगितलेला नाही. आज लिहायलाच बसले आहे तर तोही सांगून टाकते.

आम्ही तंजावूरचे. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर, घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ. माणसं तीन. अण्णा, म्हणजे माझे वडील, कालव्यांच्या खात्यात कारकून होते. कावेरी अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आणि तिसरी मी. मी आठ वर्षांची असताना आई गेली आणि तेरा वर्षांच्या अक्काच्या हातात घर आलं. मराठी लिहायला मी लग्न होऊन पुण्याला आल्यावर शिकले, तेव्हा काही चुकलं असेल तर पोटात घाला.

*

गल्लीत केबल आली ते नव्वदचं दशक संपत आलं होतं. केबलवर एक हिंदी मालिका लागायची, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. कॉलेजातली पोरंपोरी, त्यांचं प्रेम, रुसवेफुगवे, आणि रंगीबेरंगी टी-शर्ट. समोरच्या पट्टु मामींना ती फार आवडली. आपल्या तमिळ मालिकांत सगळे नुसते रडत असतात, इथं मुलं हसतात तरी, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच होती. गल्लीत हिंदी कुणालाच येत नव्हतं.

त्यावर मामींनीच तोड काढली. मराठी लोक उत्तरेकडचे, हिंदीही उत्तरेकडची, म्हणजे या घराला हिंदी येणारच! आमचे पूर्वज तंजावुरात आले त्याला तीनशे वर्षं होऊन गेली होती. आमच्यापैकी कुणी विजयवाड्याच्या वर गेल्याचं आम्हाला ठाऊक नव्हतं. पण गल्लीनं एवढ्या विश्वासानं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? अक्का म्हणाली, येतं की.

पुढच्या गुरुवारपासून आमच्या पुढच्या खोलीत पंधरा-सोळा बायका आणि पोरं जमू लागली. अक्का टीव्हीशेजारी स्टुलावर बसायची. पडद्यावर कुणी चार वाक्यं बोललं की ती मामींसाठी तमिळमध्ये सांगायची आणि मग अण्णांसाठी मराठीत, कारण अण्णांशी आम्ही मराठीतच बोलायचो. अण्णा मागं खुर्चीत बसून सुपारी कातरत ऐकायचे. अक्काला मराठीच्या आधारानं निम्मं कळायचं, निम्मं ती रचायची. रचलेलं जास्त चांगलं असायचं.

*

मामींना एकच काळजी होती. या मुलांची परीक्षा कधी आहे?

सहा महिने झाले तरी त्या कॉलेजात कुणी पुस्तक उघडलं नव्हतं. कँटीन होतं, गॅदरिंग होतं, मोटारसायकली होत्या. वर्गात शिक्षक आला की लगेच घंटा व्हायची. मामींचा जीव कासावीस व्हायचा. एवढी फी भरून आईबापांनी पाठवलं आणि कार्टी गिटार वाजवताहेत!

शेवटी अक्कानं एका गुरुवारी जाहीर केलं की नायिका गणितात पहिली आली. पडद्यावर तेव्हा ती मैत्रिणीला कानातले दाखवत होती. मामींनी पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी गोड शेव करून आणली. तिच्या पहिल्या येण्याचा एवढा आनंद मालिकेतल्या कुणालाही झाला नसता.

*

करंट जाणं तर नेहमीचंच. एकदा ऐन भांडणात गेला. नायक दारात उभा, नायिकेची पाठ, आणि टीव्ही काळा. बायका उठायला लागल्या तशी अक्का म्हणाली, बसा, पुढचं मी सांगते. कंदिलाच्या उजेडात तिनं पुढचं सगळं सांगितलं. भांडण मिटवलं, नायकाच्या आईला आजारी पाडून बरं केलं, एका मैत्रिणीला बंगळूरला नोकरी लावून दिली.

वीस मिनिटांनी करंट आला तर नायक अजून दारातच उभा.

मामींनी पडद्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि केबलवाल्यावर चिडल्या. म्हणाल्या, याचं मशीन मागं पडलंय, उद्या सांगते त्याला.

*

त्याच वर्षी अक्का बारावी झाली. गणितात शाळेत पहिली. त्रिचीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिला जागा मिळाली, हॉस्टेलसकट. पत्र आलं तेव्हा मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पळताना पाहिलं. पोस्टमनच्या हातून पत्र घेऊन ती मागच्या अंगणापर्यंत पळत गेली आणि विहिरीपाशी उभी राहून तिनं ते दोनदा वाचलं.

अण्णांनी पत्र वाचलं, घडी केली, पंचांगात ठेवलं. म्हणाले, "पाहूं."

आमच्या घरात पाहूं म्हणजे नाही. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. पण आईवाचून घर, मी तेरा वर्षांची, आणि तरणी मुलगी परगावी हॉस्टेलात. एवढं सगळं त्या एका पाहूंमध्ये होतं, आणि अण्णांशी वाद घालायची आमच्याकडे रीत नव्हती. अक्कानं एकदाही विचारलं नाही. होकार कळवायला तीन आठवडे होते, म्हणजे तीन गुरुवार.

*

त्या वर्षी मी हिंदीच्या खासगी परीक्षांना बसत होते. अक्कानंच क्लास लावून दिला होता, तिचे अडलेले शब्द मी सांगावेत म्हणून. त्यामुळे पहिल्या गुरुवारी काय घडलं ते खोलीत फक्त मला कळलं.

पडद्यावर नायिका प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये उभी राहून गॅदरिंगसाठी हॉल मागत होती. अक्कानं एक क्षण पडद्याकडे पाहिलं आणि आधी तमिळमध्ये, मग मराठीत सांगितलं, की हे तिचे वडील आहेत. ती त्यांना म्हणते आहे, मला शिकायला पाठवा. बसनं दीड तासाचा तर रस्ता. दर शुक्रवारी मी घरी येईन. दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवीन, धाकटीचा अभ्यास घेईन, घराला काही कमी पडू देणार नाही.

मी तोंड उघडणार तोच तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता.

पट्टु मामी पदर तोंडाला लावून रडल्या. पावम, पावम, म्हणत राहिल्या. बिचारी या अर्थाचा तो शब्द तेव्हा खोलीभर झाला. मग सगळ्या बायका त्या प्रिन्सिपॉलवर तुटून पडल्या. मुलगी एवढं विनवते आहे आणि हा दगड नुसता चष्मा पुसतोय! बिचाऱ्यानं हॉल द्यायला हरकतसुद्धा घेतली नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी अक्कानं तेच पुढं चालवलं. मुलीची आई नाही, हे सांगितलं. आई असती तर तिनं पाठवलं असतं, हेही सांगितलं. मला वाटलं आता सगळ्यांना समजणार, पण बायका पडद्याकडेच पाहत होत्या. अण्णांच्या अडकित्त्याचा आवाज मात्र थांबला होता.

"तो बाप काय म्हणतो?" अण्णांनी विचारलं. एवढ्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

अक्कानं मान वळवली नाही. "अजून कांही बोलला नाही, अण्णा."

*

तिसऱ्या गुरुवारी खोली भरून ओटाही भरला. त्या मुलीचं काय झालं ते ऐकायला पलीकडच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या. पडद्यावर नाचाची स्पर्धा चालली होती. अक्का गप्प. दहा मिनिटं गेली, जाहिराती झाल्या, तरी गप्प. मामींना राहवेना. बापानं काय सांगितलं, कधी जायची ती?

अक्का म्हणाली, "ती आता विचारत नाही, मामी. पुढचं मला समजत नाही."

आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागं गेले तर ती रोजच्यासारखी रसम उकळत होती. मला म्हणाली, जा, तू सांग त्यांना, तुला येतं.

त्यानंतर दर गुरुवारी मी सांगू लागले. अगदी शब्दाला शब्द, बरोब्बर. महिन्याभरात खोली रिकामी झाली! मामी मला तोंडावर म्हणाल्या की तुझ्या हिंदीत काही अर्थ नाही, तुझ्या अक्काला चांगली येत होती.

*

अक्कानं पोस्टानं बी.ए. केलं. तीन वर्षांनी सेलमहून एक स्थळ आलं. आमच्यातलंच मराठी घर, मुलगा बँकेत, स्वभावानं सरळ. पट्टु मामींनी मध्यस्थाला आधीच कळवून ठेवलं होतं की मुलीला तमिळ, मराठी, इंग्रजी आणि शिवाय हिंदी येतं. मुलाच्या काकांना ती हिंदी ऐकायची हौस आली. थोडं बोलून दाखव, म्हणाले.

अक्का खाली पाहत म्हणाली, "कल चार बजे कँटीन में मिलना. सिर्फ़ तुम आना."

मला हसू दाबता येईना म्हणून मी खिडकीकडे वळले. काकांनी समाधानानं मान डोलावली. मुलाची आई म्हणाली, उच्चार किती स्वच्छ आहेत. मुलगा कौतुकानं पाहत होता. अण्णा तेवढ्यात उठले आणि रिक्षा आली का बघायला बाहेर गेले. रिक्षा कुणी बोलावलीच नव्हती.

मैत्रिणींना मी नेहमी इथपर्यंत सांगते. त्या खूप हसतात.

*

याच्यापुढचा किस्सा बारा वर्षांनंतरचा. अण्णा रिटायर होऊन एकटे राहत होते. अक्का सेलमहून चार दिवसांसाठी आली होती, मीही पुण्याहून गेले होते. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या ओट्यावर एक म्हातारा येऊन बसला. धोतर, डोक्याला मफलर, हातात पितळी तांब्या. रामेश्वराच्या यात्रेची त्याची बस मोठ्या देवळापाशी थांबली होती आणि तो गल्ल्यांमधून हिंडत वाट चुकला होता. गल्लीतली माणसं त्याला तमिळमध्ये विचारत होती आणि तो हात जोडून रडत होता.

अक्का पाणी घेऊन बाहेर आली. तिनं आठवून आठवून दोन हिंदी शब्द काढले, पण म्हाताऱ्याला ते कळेनात. मी पुढं होणार तोच आतून अण्णा आले, आणि त्याच्याशेजारी ओट्यावर बसले.

"बैठिए दादा, घबराइए मत. बस यहीं होगी, हम पहुँचा देंगे. कहाँ के हैं आप?"

म्हातारा जबलपूरकडचा निघाला. अण्णा हसले. मग ते दोघं अर्धा तास बोलत बसले, न थांबता, न अडता, तिथल्या बाजाराचं, नदीचं, थंडीचं. लग्नाआधी अण्णा तीन वर्षं बाहेर नोकरीला होते, हे आम्हाला ठाऊक होतं. बाहेर म्हणजे आम्ही मद्रास समजत होतो. अण्णांनी त्याला सांगितलं की आपण जबलपूरलाच एका कारखान्याच्या गोदामात होतो आणि हिंदी तिथंच शिकलो. मी अक्काकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

म्हाताऱ्याला बसमध्ये बसवून अण्णा परत आले. अक्का ओट्यावर तशीच उभी होती, पाण्याचं भांडं हातात.

"अण्णा, तेव्हां गुरुवारीं तुम्हांस सगळें कळत होतें?"

अण्णांनी चपला काढून कडेला नीट लावल्या. मग म्हणाले, "तूं चांगलें सांगत होतीस, ग."

अक्का आत गेली आणि बॅग भरू लागली. तिचं तिकीट परवाचं होतं.